मोजणी संपली, मग गाव भरलं

२०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. ९ फेब्रुवारीला मोजणी सुरू झाली, २८ ला संपली. १ ते ५ मार्च पुन्हा एक फेरी मारली, मधल्या काळात कुणी जन्मलं-मेलं असेल ते दुरुस्त केलं आणि गठ्ठा तालुक्याला जमा करून मोकळा झालो. होळी १९ मार्चला होती. त्या रात्री चंद्र नेहमीपेक्षा मोठा होता, पेपरांनी त्याला 'सुपरमून' म्हटलं होतं. पालखी ठेवतात त्या सहाणेवर दिव्यांची गरजच नव्हती. होम पेटला, पालखी उठली, आणि मी हातात नारळ धरून नुसता चेहरे बघत उभा. पालखीला खांदा दिलेल्यांपैकी एकाचंही नाव माझ्या तक्त्यांत नव्हतं. महिन्याभरापूर्वी ज्या घरांपुढे मी 'कुलूप' लिहिलं होतं, त्यांच्या दारांत चपलांचे ढीग पडले होते.

गाव संगमेश्वर तालुक्यातलं, माझंच. नाव देत नाही, कारण पुढे शेजारीपाजारी येणार आहेत. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यातल्या बहुतेकांनी त्या जागी आपल्या गावाचं नाव घालून वाचलं तरी फारसं बिघडणार नाही. गावात माणसं किती आणि कोणकोणती, एवढे साधे दोन प्रश्न. पण आमच्याकडे त्यांची उत्तरं शोधायला गेलं की गाव नक्की कुणाचं हा तिसरा प्रश्न आडवा येतो. तक्त्यात जी माणसं आहेत त्यांना गावात फारसं कुणी विचारत नाही, आणि ज्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही ती तक्त्यात नाहीत. एरवी हे कुणाला खुपत नाही. नळपाण्याची योजना आली तेव्हा खुपलं.

जिल्ह्याचा आकडा

आधी जिल्हा बघू, म्हणजे आमचंच गाव विचित्र आहे असं वाटायला नको. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसं होती, २०११ मध्ये १६,१५,०६९. दहा वर्षांत ८१,७०८ कमी. सिंधुदुर्गात ८,६८,८२५ ची ८,४९,६५१ झाली. त्या दशकात महाराष्ट्रात फक्त तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. हे दोन, आणि तिसरा मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची जुनी मुंबई. तिथे ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११.

मला ही तिसरी घट पहिल्या दोन घटींची सख्खी बहीण वाटते. आमच्या गावाचं दुसरं घर लालबाग-परळ-शिवडीच्या चाळींत होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो कधी संपला हे कुणालाच सांगता येत नाही. गिरणी गेली तरी खोली होती. पुढे खोल्याही विकल्या गेल्या. २००१ ते २०११ मध्ये तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१,३१,८४९ वरून १,१०,६०,१४८ वर गेली. गाव आणि चाळ दोन्ही ओस पडत गेले, आणि दोन्हीकडची माणसं दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरारला जाऊन एकमेकांना भेटली.

रत्नागिरीबद्दल आणखी एक आकडा दर काही वर्षांनी बातमीत येतो: हजार पुरुषांमागे ११२२ बायका. राज्यात २०११ मध्ये हेच प्रमाण ९२९ होतं. मग कुणीतरी लिहितो की कोकणात मुलीला मान आहे, कोकणाकडून शिका. मान असेलही, पण या आकड्याचा त्याच्याशी संबंध नाही. शून्य ते सहा वयाच्या मुलांमध्ये आमच्याही जिल्ह्यात मुली मुलांपेक्षा कमीच आहेत. ११२२ चा अर्थ एवढाच की बापये गावात नाहीत. उलट २००१ मध्ये हे प्रमाण ११३६ होतं, ते खाली आलं. मी त्याचा अर्थ असा लावतो की आता बायकाही निघाल्या. पूर्वी नवरा मुंबईला गाळ्यावर, म्हणजे खोलीवर, आणि बायको गावी, अशी दोन चुलींची पद्धत होती. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, दिव्याला स्वस्तात खोली मिळू लागली, आणि लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत सूनही जाऊ लागली. गावात उरली सासू.

या आकड्यांची किंमत मोजावी लागते. २००१ च्या जनगणनेवर मतदारसंघांची फेररचना झाली, तेव्हा जिल्ह्याच्या विधानसभेच्या सात जागांच्या पाच झाल्या. २००९ च्या निवडणुकीत संगमेश्वर नावाचा मतदारसंघच नव्हता.

वाड्या

देशावरच्या पाहुण्याला आमचं गाव दाखवायचं तर अडचण होते. त्याला गावठाण हवं असतं, वेस हवी असते, चावडी हवी असते. आमच्याकडे घाटावरच्यासारखं एका जागी गाव नसतं. खाली नदीकाठी एक वाडी, मग भातखाचरं, पऱ्या म्हणजे ओढा ओलांडून दुसरी वाडी, चढणीवर तिसरी, आणि वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चौथी. सगळं मिळून सरकारी दप्तरात एक महसुली गाव. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत दीड तास लागतो.

वाड्यांची नावंच सगळं सांगतात. कुणबीवाडी सगळ्यांत मोठी, खरं तर वरची आणि खालची अशा दोन. मराठेवाडी. गुरववाडी देवळाला लागून, देवरहाटीच्या, म्हणजे देवाच्या राखीव रानाच्या, सावलीत. सुतारवाडीत सुतारकाम करणारं आता एकच घर. बौद्धवाडी पऱ्याच्या पलीकडे, उताराच्या बाजूला. नदीच्या वळणावर मोहल्ला. आणि पार वर, रस्ता जिथे संपतो त्याच्याही पुढे, धनगरवाडी. तिथलं माणूस आजारी पडलं तर अजून डोलीतून खाली आणावं लागतं. डिसेंबर २०२० मध्ये सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. समतानगर, क्रांतीनगर असे पर्याय सुचवले. आमच्या ग्रामपंचायतीत ठराव झाला, पाट्याही लागल्या. एसटीचा कंडक्टर मात्र अजून जुनंच नाव पुकारतो, आणि बौद्धवाडीचे लोक म्हणतात की आमचं नाव आम्ही स्वतः घेतलेलं आहे, ते कशाला बदलायचं? त्यांचं बरोबर आहे. 'महारवाडी'ची 'बौद्धवाडी' ही सरकारने केलेली नव्हे, १९५६ च्या धर्मांतरानंतर त्यांनीच केलेली आहे.

कोण कुठे राहतो हे जमिनीवरून ठरलं आणि जमीन खोतीवरून. खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा वतनदार. नदीकाठची सपाट मळ्याची जमीन खोताच्या घराभोवती, आणि कुणबी वरच्या उतारावर वरी-नाचणी करणारे कूळ. खोत कुठे ब्राह्मण, कुठे मराठा, कुठे मुसलमान. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. त्यात कोकणातले कुणबी आणि महार एकत्र चालले. खोती उठवणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं आणि कूळकायद्याने ठरवलेल्या १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनाने कुळं मालक झाली. गंमत अशी की कुणब्याच्या नावावर सातबारा चढला तोवर त्याचा मुलगा गिरणीत लागला होता. जमीन मिळाली आणि कसायला माणूस उरलं नाही, दोन्ही एकाच पिढीत. खोताचं चौसोपी घर तर त्याच्याही आधी ओस पडलं होतं.

मोहल्ल्याची गोष्ट जराशी वेगळी. तिथले पुरुष आधी बोटीवर जायचे, १९७० नंतर आखाताकडे वळले. तिथेही बायका आणि म्हातारी माणसंच राहतात, पण घरं पक्की आहेत, संगमरवरी फरशीची. जिल्ह्यात मुस्लिम साधारण शंभरात अकरा-बारा. पालखी मोहल्ल्यावरून जाते तेव्हा तिथून नारळ येतो. हे मी लहानपणापासून बघत आलोय, अजून येतो.

पहिलं नाव

वरच्या कुणबीवाडीतलं एक घर. फेब्रुवारी म्हणजे भाजावळीचे दिवस. काकी परड्याच्या वरच्या अंगाला, भाताची रोपं काढायच्या राबाच्या जागेवर शेण पसरत होत्या. त्यावर कवळ म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, त्यावर पातेरा म्हणजे वाळका पाला, त्यावर माती, मग आग. हे सगळं साठीतली बाई एकटी करत होती. मला बघून हात धुतले, पडवीत घोंगडी टाकली.

"काकी, कुटुंबप्रमुख कोण?"

त्या हसल्या. नवऱ्याचं नाव घेत नाहीत. "तुम्हाला म्हायती नाय काय गुरुजी?"

"माहिती आहे. पण ते असतात कुठे?"

"दिव्याला, मोठ्याकडे. नातवाला शाळेत सोडायला कोण नाय तिकडं."

"या महिन्यात येऊन गेले?"

"आता शिमग्याला येतील."

नियम असा होता: त्या घरात नेहमी राहणारं माणूस, आणि मोजणीच्या वीस दिवसांत थोडा तरी काळ घरी असलेलं. दोन्ही अटी हव्यात. म्हणजे त्यांचे यजमान बसत नव्हते. मी म्हटलं, "मग प्रमुख म्हणून तुमचं नाव लिहितो."

काकी एकदम गंभीर झाल्या. "माझं? नको हो. घर त्यांचं, जमीन त्यांची, माझं नाव पयलं कसं? कुणी वाचलं तर काय म्हणतील?"

"कुणी वाचत नाही हे."

"मग लिवता कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाव लिहिलं. पुढचा प्रश्न कामाचा. गेल्या वर्षभरात काय काम केलं? "काय नाय, घरीच असते." नखांत शेण होतं. मी भाताचं विचारलं, नाचणीचं विचारलं, म्हशीचं, काजूच्या बियांचं. प्रत्येकाला "ते करते की" असं उत्तर आलं. शेवटी शेतकरी म्हणून नोंद केली. पण प्रत्येक घरात मी एवढं खोदून विचारलं असं छातीठोकपणे सांगणार नाही. दुपारी उन्हात धनगरवाडी चढून गेल्यावर 'घरकाम' लिहून पुढे सरकण्याचा मोह मलाही आवरला नाही. जनगणनेतल्या बायकांच्या कामाचे आकडे मी तेव्हापासून जरा चिमटीत धरूनच वाचतो.

स्थलांतराचा प्रश्न विचारला की याच बायका एकदम मोठ्या संख्येने 'स्थलांतरित' ठरतात. पूर्वीचं राहण्याचं ठिकाण: माहेरचं गाव. कारण: विवाह. म्हणजे तक्ता वाचणाऱ्याला आमच्या गावात बाहेरून आलेल्या बायका दिसतात, आणि गावातून गेलेले पुरुष दिसतच नाहीत. ते दिव्याच्या कुणा प्रगणकाच्या तक्त्यात असणार.

जात विचारली तेव्हा

२०११ च्या मोजणीत सगळ्यांची जात विचारायची नव्हती. फक्त अनुसूचित जाती-जमाती. कुणबी, मराठा, गुरव, सुतार हे सगळे माझ्या तक्त्यात एका रकान्यात विरून गेले. गावाची सगळी बांधणी ज्यावर उभी आहे ते सरकारी कागदावर दिसतच नाही, ही एक मौज आहे. जनगणनेत सगळ्या जाती मोजून आकडे छापले गेले ते शेवटचे १९३१ मध्ये.

बौद्धवाडीत अडचण उलटी आली. धर्म: बौद्ध. अनुसूचित जात आहे का? आहे. जातीचं नाव? इथे तिशीतला एक मुलगा म्हणाला, "बौद्धच लिहा." यादीत बौद्ध नावाची जात नाही. यादीतलं नाव सांगितलं नाही तर तो माणूस धर्माने बौद्ध नोंदला जातो, पण अनुसूचित जातीत धरला जात नाही. मी हे समजावून सांगितलं. त्याचं म्हणणं, "आजोबांनी जे नाव टाकून दिलं ते मी तुमच्या कागदावर परत कशाला लिहू?" त्याची आई मध्ये पडली, "अरे, सवलतीचं असतंय ते." दोघांचं बराच वेळ चाललं. मी प्रगणक, मनाने काही भरता येत नाही. जे सांगितलं ते लिहिलं. त्या वाडीत काही घरांनी एक सांगितलं, काहींनी दुसरं.

रत्नागिरी जिल्ह्यात जनगणनेतले बौद्ध अनुसूचित जातींपेक्षा संख्येने जास्त आहेत. अनुसूचित जातींत चर्मकारही धरलेले असताना. असं का, हे त्या पडवीत बसल्यावर कळतं. आणि ग्रामपंचायतीतल्या राखीव जागा अनुसूचित जातींच्या आकड्यावर ठरतात, बौद्धांच्या नव्हे. स्वाभिमानाने दिलेलं उत्तर आणि हातची गेलेली जागा यांचा हिशेब त्या वाडीने आपसांत कसा लावायचा तो लावावा. मला त्यात शहाणपण शिकवायची हौस नाही.

नव्या माणसांबद्दलही सांगायला हवं. चिऱ्याच्या खाणीवर विजापूरकडची कुटुंबं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. आंब्याच्या एका मोठ्या बागेत राखणीला नेपाळी जोडपं होतं, त्यांची मुलगी आमच्याच शाळेत पहिलीला. ही सगळी मी मोजली. नियमाने ती गावची लोकसंख्या. शाळेच्या पटावर त्या मुलीचा आकडा कामाचा होता, कारण पट किती उरलाय यावर शिक्षक टिकतो. गावकीच्या हिशेबात मात्र ती नाहीत. त्यांना वर्गणी नाही, मान नाही, होळीच्या रात्री ती कडेला उभी राहून बघतात.

दुसरं गाव

आमचं ग्रामस्थ मंडळ मुंबईत आहे. रजिस्टर केलेलं, शिक्का असलेलं. पूर्वी परळला एका चाळीत गावाची खोली होती. भिंतीला लागून ट्रंकांची रांग, वर दोऱ्या, रात्रपाळीवाले उठले की दिवसपाळीवाले आडवे होणार. गावातून कोणीही गेला तरी आधी तिथे उतरायचा. पण 'गावाची खोली' म्हणताना सगळ्या गावाची नव्हे. कुणब्यांची वेगळी, मराठ्यांची वेगळी, बौद्धजनांची वेगळी, मोहल्ल्याची जमात वेगळी. गावातल्या वाड्या बोटीने जशाच्या तशा मुंबईला गेल्या. आता खोल्या नाहीत, व्हॉट्सॲपवर ग्रुप आहेत, आणि तेही वाडीवार. दिव्याच्या इमारतीत शेजारी उत्तर प्रदेशचा की सांगलीचा याचं कुणाला काही नसतं. मंडळाची सभा बोलावली की मात्र सगळे आपापल्या वाडीत बसतात.

देवळाचा जीर्णोद्धार मंडळाने केला. पाखाडीचं, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेचं, काँक्रीट मंडळाच्या वर्गणीतून. पालखी कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत, आधी कुणाच्या दारात, हे फेब्रुवारीतल्या रविवारी मुंबईत ठरतं आणि गावात फोन येतो. मतदारयादीत मंडळातल्या बहुतेकांची नावं गावीच आहेत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उमेदवार गाड्या करतो, पहाटे बस लागते, मतदान करून, परड्यातले चार नारळ घेऊन रात्री लोक परत. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांना आहेत, म्हणून आमच्या सात सदस्यांत चार बायका आल्या, एकदा सरपंचही बाईच. ती काकींच्या वाडीतली, हुशार, बारावी झालेली. तिचा मोबाईल ग्रामसभेत टेबलावर उताणा ठेवलेला असायचा आणि महत्त्वाच्या विषयाला तो वाजायचा.

कुलपाला नळ

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. प्रत्येक घरी नळ, माणशी रोज ५५ लिटर. आमच्याकडे त्याची ग्रामसभा झाली तेव्हा मी निवृत्त झालो होतो, पण मोजणी केलेला माणूस म्हणून मला पुढे बसवलं. मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी तेवढी माणसं गणपूर्तीला लागतात. यादी मुंबईकरांनी फुगलेली, त्यामुळे गावातली तेवढी माणसं जमवणं हेच एक काम. त्या दिवशी सगळ्या वाड्यांतून बायका आल्या होत्या. पाणी म्हटल्यावर येणारच.

योजनेत लोकसंख्या धरायची ती जनगणनेची. त्या हिशेबाने टाकीचा आकार ठरतो. पण नळजोडण्या घरांच्या संख्येने, आणि घरं म्हटली की कुलपं लावलेलीही आली. माणसं कमी, नळ जास्त. वर्षातले दहा महिने हे गणित व्यवस्थित चालेल. शिमग्याला आणि गणपतीत मात्र टाकी सकाळी आठालाच रिकामी होणार. गणपतीत निदान पाऊस असतो, शिमग्याला पऱ्या आटलेला असतो.

मंडळाने स्पीकरफोनवरून सांगितलं, "टाकी मोठी करा. वरचा खर्च आम्ही देतो. पण प्रत्येक घराला नळ पाहिजे, बंद घर असलं तरी." त्यावर खालच्या वाडीतली एक वहिनी उठली. "पंपाचं बिल बारा महिन्यांचं येणार. नळ घेतला तर बारा महिन्यांची पट्टी द्यायची." फोनमधून आवाज आला, "आम्ही पाणी वापरणार दोन महिने." वहिनी म्हणाली, "मग नळपण दोनच महिने बसवा." सभा हसली. फोनमधला माणूसही हसला असावा, कारण काही वेळ नुसती खरखर ऐकू आली.

बौद्धवाडीचं म्हणणं वेगळं होतं आणि ते त्यांनी शेवटी मांडलं. पाइपलाइनचं शेवटचं टोक त्यांच्या वाडीत. उताराला असल्यामुळे पाणी पोचायला हवं, पण वरच्यांनी नळ उघडे ठेवले की टोकाला थेंब येत नाही, हे जुन्या योजनेत बघितलेलं. त्यांची स्वतःची विहीर आहे, मे अखेरपर्यंत पुरते. "पट्टी सारखी, तर पाणीपण सारखं. नाहीतर आमची लाइन टाकीवरून सरळ वेगळी आणा." वेगळी लाइन म्हणजे खर्च. मुंबईकडून लगेच काही उत्तर आलं नाही. मी पुढे बसून विचार करत होतो की या सभेत गावाचा नकाशा किती स्वच्छ उमटलाय. कुठलाही तक्ता न भरता कोण वर, कोण टोकाला, कोण फोनमध्ये.

शेवटी असं ठरलं. बंद घरांना नळ द्यायचा, पण गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आत नाही, बाहेर, आणि त्याला चावी. पट्टी वर्षाची, बंद घरांना निम्मी, ती मंडळाने एकरकमी गोळा करून द्यायची. बौद्धवाडीची वेगळी लाइन मंजूर झाली, कारण त्या वेळच्या ग्रामपंचायतीत त्यांचे एक सदस्य होते आणि त्यांनी त्याशिवाय ठरावावर सही करायला नकार दिला. धनगरवाडी या योजनेत बसली नाही. पाणी तेवढं वर चढवायला दुसरा पंप लागतो. "पुढच्या टप्प्यात" असं लिहिलं गेलं. त्यांचा कुणी सभेला आलेला नव्हता. चालत यायला दीड तास लागतो.

आता योजना चालू आहे. बंद घरांच्या नळांच्या चाव्या ज्या त्या शेजारणीकडे आहेत. काकींच्या पडवीत खुंटीला एक जुडगा लटकतो, त्यात घरांच्या किल्ल्या आणि नळांच्या चाव्या एकत्र. पुढच्या घरचा नळ गळायला लागला की त्याच बघायला जातात. यजमान गेल्या वर्षी दिव्यालाच वारले. दिवस गावी केले, तेव्हा वाडीतली सगळी कुलपं तेरा दिवस उघडी होती.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. आता ती २०२७ मध्ये आहे, संदर्भाची तारीख पुन्हा १ मार्च, आणि होळी पुन्हा मार्चच्या उत्तरार्धात. या वेळी सगळ्यांची जात विचारणार आहेत. मंडळाच्या ग्रुपवर आत्तापासून सूचना फिरताहेत, जातीच्या रकान्यात काय सांगायचं, पोटजात लावायची की नाही. परवा काकींच्या धाकट्याचा फोन आला.

"गुरुजी, फेब्रुवारीत आठ दिवस रजा टाकून गावी आलो, तर आमचं नाव गावात लागेल ना? आपला आकडा कमी पडायला नको."

मी म्हटलं, "मागचाच नियम राहिला तर नाही लागणार. नेहमी जिथे राहतोस तिथे मोजतात."

"म्हणजे दिव्याला?"

"दिव्याला."

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मागे लोकलची अनाउन्समेंट ऐकू येत होती. मग म्हणाला, "पण गुरुजी, इथली खोली तर भाड्याची आहे."